विदर्भाच्या उन्हाळ्यात बंब सांभाळताना

चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा आगीचा बंब धावताना कमी आणि उभा असताना जास्त तापतो. पीटीओवर (इंजिनची ताकद पंपाला देणारा जोड) पंप चालू, इंजिन तासन्‌तास चढ्या आरपीएमवर, समोरून वारा नाही. म्हणून आम्ही तयारी रेडिएटरपासून धरतो. जाळीतली धूळ आणि कापसाचे तंतू काढताना पाणी पंख्याच्या बाजूने बाहेर मारायचं, तेही बेताच्या दाबाने. समोरून मारलं की कचरा आत ठासतो आणि फिन्स (जाळीतल्या पातळ पट्ट्या) वाकतात. कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर दाब टिकत नाही, उत्कलनबिंदू खाली येतो आणि कूलंट पुरेसं असूनही गाडी उकळते. हे झाकण सहसा कोणी बघत नाही.

पंपाचं दुखणं वेगळं. नोझल बंद करून पंप फिरत ठेवला की आतलं तेच पाणी घुसळून काही मिनिटांत कढत होतं, सील जातं, आणि नोझल उघडताच ते ब्रँच (होजच्या टोकाची नळी) धरलेल्या फायरमनच्या अंगावर येऊ शकतं. आम्ही टँक-फिल व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, पाणी टाकीत फिरत राहतं.

उन्हाळ्यात विहिरींची पातळी खाली जाते आणि सक्शनची, म्हणजे पंपाने खालून पाणी ओढण्याची, अडचण तिथेच येते. हिशेबाने १० मीटर खालचं पाणी ओढता येईलसं दिसतं, भरवसा ७ पर्यंतच; पाणी कोमट असेल तर त्याहून कमी, कारण वाफेचा दाब वाढतो. त्यात वाळलेले वॉशर हवा ओढतात. ड्राय व्हॅक्यूम चाचणीत (पंपात पाणी नसताना) पाऱ्याचं २२ इंच निर्वात काढून प्रायमर (पंपातली हवा ओढणारं यंत्र) बंद करावा. ५ मिनिटांत १० इंचांहून जास्त घसरण झाली तर आधी सक्शनचे वॉशर, मग ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग), मग ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) तपासावेत.

१४ एप्रिलपासूनच्या अग्निशमन सप्ताहासाठी गाड्या चकाचक होतात. त्याच आठवड्यात ही चाचणी उरकलेली बरी.

टायर सकाळी थंड असतानाच मोजावेत. तापलेल्या टायरची हवा काढू नये, रात्री तो कमी हवेवर येतो. ४५०० लिटरची टाकी कायम भरलेली, म्हणजे साडेचार टन पाण्याचा भार चोवीस तास. टायरची नक्षी शाबूत असूनही बाजूला भेगा पडतात. बाजूवरच्या चार अंकांतून आठवडा आणि वर्ष वाचून वय ठरवावं. बॅटरीत पाणी दर आठवड्याला बघावं, नळाचं कधीच घालू नये.