अ‍ॅम्बीच्या पुढच्या टॉर्शन बारचं काम

आमची मार्क थ्री अँबेसेडर पुढून ड्रायव्हर साइडला चांगलीच बसली होती, म्हणजे नाशिकच्या द्वारका सर्कलला सिग्नलवर उभी असली तरी मागच्याला दिसायचं की गाडी वाकडी आहे. घरी येणारा प्रत्येकजण म्हणणार स्प्रिंग बदल. अरे पण पुढे स्प्रिंग आहेच कुठे? पद्मिनीला कॉइल होती, अ‍ॅम्बीला टॉर्शन बार. ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डची, आणि मॉरिसवाल्यांनी १९४८ च्या मायनरपासून पुढे हेच वापरलं. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ ला बंद झाला त्यामुळे पार्ट शोधणं हे वेगळंच पुराण, ते राहू दे.

बार म्हणजे स्प्रिंग स्टीलची लांब दांडी, दोन्ही टोकांना दाते. पुढचं टोक चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला, मागचं एका लिव्हरने गाडीच्या पोटाखाली क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या पट्टीला पक्कं. चाक खड्ड्यात गेलं की आर्म हलतो आणि ओलं फडकं पिळावं तशी दांडी पिळली जाते, बस एवढंच.

आमच्या मिस्त्रीमामांचा हट्ट एकच, खोलायच्या आधी खुणा कर. आर्मवर, बारवर, मागच्या लिव्हरवर, सगळीकडे पांढरा पेंट. आणि डावा-उजवा अजिबात अदलाबदल नाही, कारण वापरलेला बार एकाच दिशेने पिळून तयार झालेला असतो, तो उलट्या बाजूला टाकला तर लवकर बसतो नाहीतर सरळ तुटतो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच बरेच गॅरेजवाले धाब्यावर बसवतात.

खोलताना बॉडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, आर्मखाली वेगळा जॅक. तो जॅक हळूहळू खाली घ्यायचा, पीळ पूर्ण उतरेपर्यंत बारला हात नाही लावायचा, त्यात केवढा जोर साठलेला असतो हे ज्याने उडालेला पाना बघितलाय त्यालाच विचारा.

नवीन बार घेताना एकजण म्हणाला जाड टाका, गाडी उठेल. नको रे बाबा. जाडी १० टक्के वाढली की कडकपणा जवळपास ४६ टक्के वाढतो, चौथ्या घाताचा हिशोब आहे तो, मग नाशिकच्या पावसाळ्यातल्या रस्त्यांवर मणक्याचं काय होईल बघा. उंची वाढवायची तर बार त्याच मापाचा ठेवून मागच्या टोकाला एखादा दाता पुढेमागे सरकवून बसवायचा. बारला पकड किंवा छिन्नी लावायची नाही, साधा ओरखडा पडला तरी पुढे तिथूनच तडा जातो. दात्यांना ग्रीस, बाकी अंगावर गंजाचा पत्ता नको म्हणून रंग.

आर्मच्या सांध्यातले रबर बुश मात्र गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे टाइट करायचे, हवेत लटकत असताना आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग सपाट जागेवर पुढून दोनचार वेळा दाबून हलवायची, चाकाच्या मधल्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजायचं. आमचं दुसऱ्यांदा दाता सरकवल्यावर जुळलं.

उंची बदलली की चाकांची अलाइनमेंट पण बदलते त्यामुळे ते करून घ्याच, आणि हेडलाइटपण. आता नाक वर आलंय, कसारा घाटात समोरचे ट्रकवाले अप्पर-डिप्पर मारायला लागले तर समजा लाइट सेट करायचे राहिलेत.