मंडपाचं छत निवडताना

दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कोपरीतला आमचा मंडप उतरवत होतो. कमानीचा एक लोखंडी पाइप निघेना म्हणून गॅस कटर आणला. ठिणगी उडाली ती थेट निळ्या ताडपत्रीवर. भडका उडाला नाही. ताडपत्री आधी आक्रसली, मग भोक पडलं आणि त्याच्या कडेवरून जळते थेंब टपटप खाली पडू लागले. खाली रचून ठेवलेल्या खुर्च्या होत्या. वाळूची बादली हाताशी होती, दोन मुलं धावली आणि विझलं. पण ते थेंब काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. आदल्याच संध्याकाळी आरतीला आलेल्या आज्या त्या खुर्च्यांवर बसल्या होत्या.

पुढच्या बैठकीत मी सांगून टाकलं, यंदाचं छत मी बघते.

सुरुवात मात्र चुकीची केली. मस्जिद बंदरच्या एका दुकानात जाऊन "आग न लागणारी ताडपत्री द्या" म्हणाले. दुकानदार म्हणाले, "ताई, तशी ताडपत्री नसते. तुमच्याकडे आग येणार कुठून, ते आधी सांगा." या एका प्रश्नाने माझं पुढचं सगळं काम सोपं केलं. समईची ज्योत, गरम झालेला फोकस, वायरीचा शॉर्ट आणि वेल्डिंगची ठिणगी ही चार वेगळी दुखणी आहेत, आणि चौघांना औषध एक नाही.

वेल्डिंगचा लालबुंद कण मी म्हणत होते त्या ताडपत्रीलाही भोक पाडतो. त्याच्यासाठी काचतंतूचं वेल्डिंग ब्लँकेट वेगळं मिळतं. ते घेतलं आणि मंडपवाल्या काकांच्या हवाली केलं. कटर चालेल तिथे आधी ते अंथरायचं, काम संपल्यावर निदान अर्धा तास एक माणूस तिथेच बसवायचा, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. एवढ्यावर तो विषय मिटला.

छताचा मिटायला दोन महिने गेले.

आपण पावसाळ्यात सर्रास बांधतो ती निळी ताडपत्री पॉलिथिनच्या पट्ट्या विणून केलेली असते. पॉलिथिन साधारण १३० अंशांना वितळतं आणि पेटलं की थेंब जळतच खाली येतात. पीव्हीसीचा थर दिलेली पॉलिएस्टरची ताडपत्री वेगळी वागते. पीव्हीसीत क्लोरीन असतो, तो ज्योत दाबायला मदत करतो. पण ताडपत्री मऊ राहावी म्हणून त्यात तेलासारखी जी द्रव्यं घालतात ती पेटणारी असतात. म्हणून अँटिमनी ट्रायऑक्साइडसारखं ज्वालारोधक मिसळलेलं आहे का, हे विचारावंच लागतं. ते असलं तरी मोठ्या आगीत हीसुद्धा जळते, आणि तिचा धूर घशाला झोंबणारा, विषारी असतो. बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या हव्यातच, ताडपत्री कितीही महाग घ्या.

तिसऱ्या दुकानात "एफआर आहे, सर्टिफिकेट आहे" म्हणून झेरॉक्स पुढे केली. एफआर म्हणजे ज्वालारोधक. मी शांतपणे वाचली. चाचणी ६५० जीएसएमच्या पांढऱ्या मालाची, आणि माझ्यापुढे होती ४०० जीएसएमची हिरवी. त्या कागदाचा या मालाशी काही संबंध नव्हता. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, एवढंच. ताडपत्री जाड आहे म्हणजे ज्वालारोधक आहे असं नाही, हेही तिथेच कळलं.

मग ठरवलं, नमुन्याची पट्टी घरी नेल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. गच्चीवर, वारा नसताना, पाण्याची बादली शेजारी ठेवून पट्टी पकडीत उभी धरायची आणि खालच्या टोकाला लायटर १२ सेकंद लावायचा. लायटर काढल्यावर ज्योत किती वेळ टिकते आणि थेंब जळत पडतात का, ते पाहायचं. एनएफपीए ७०१ या अमेरिकी मानकाच्या जाड कापडांसाठीच्या चाचणीत ज्योत २ सेकंदांपेक्षा जास्त टिकलेली चालत नाही. माझी चाचणी काही प्रयोगशाळेची नव्हे, पण खोटा माल ओळखायला पुरते. पाचांपैकी दोन नमुने सरळ वरपर्यंत जळत गेले. दोन्हींच्या पावतीवर एफआर लिहून मिळणार होतं.

जी घेतली ती ५०० जीएसएमची, राखाडी. त्याच लॉटचा चाचणी अहवाल घेतला, लॉट नंबर पावतीवर लिहून घेतला आणि एक कात्रण पावतीलाच टाचून ठेवलं. आमचा मंडप २० बाय ४० फुटांचा. २४ बाय २२ चे दोन तुकडे केले, प्रत्येकी सुमारे २५ किलोचे. काकांनी वजन पाहून वासे वाढवले आणि उतार जास्त दिला, कारण एवढ्या ताडपत्रीवर पाणी साचलं तर मंडपच खाली येईल.

खर्च निळ्या ताडपत्रीच्या तिपटीवर गेला. बैठकीत आवाज चढले. मी डबवालीचं सांगितलं. हरियाणातलं हे गाव, २३ डिसेंबर १९९५, शाळेचा वार्षिक कार्यक्रम. शामियान्याचं कृत्रिम कापड पेटलं आणि जळत माणसांवर कोसळलं. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. खजिनदारांनी पुढे काही न बोलता चेक लिहिला.

मंडपांसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे. त्यात मुळात कृत्रिम कापड आणि दोर टाळायला सांगितलं आहे. भाद्रपदातला ठाण्याचा पाऊस पाहता वरचा थर सुती ठेवणं आम्हाला शक्य नव्हतं. म्हणून पीव्हीसी फक्त सर्वात वर, आत छतापासून कनातीपर्यंत सगळं सुती आणि बांधायला सुतळी, असं केलं, आणि अग्निशमन दलाच्या परवानगीच्या अर्जात ते जसंच्या तसं लिहिलं.

सुती कापडाने पेट घेऊ नये म्हणून ते एका द्रावणात भिजवायचं. ते द्रावण करणं अजिबात अवघड नाही. ३५ लिटर पाण्यात ४ किलो अमोनियम सल्फेट, २ किलो अमोनियम कार्बोनेट, २ किलो तुरटी, १ किलो टाकणखार आणि १ किलो बोरिक ॲसिड, म्हणजे कॅरमवर टाकतो तीच पावडर. तुरटी कार्बोनेटला भेटली की फेस येतो, त्यामुळे पिंप काठोकाठ भरू नका. अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो. हे उघड्यावर आणि हातमोजे घालूनच करा. कापड नीट भिजवून, न पिळता वाळवायचं. गडद रंगावर पांढुरके डाग उठतात. आमच्या मरून झालरीचं तेच झालं आणि बायकांनी मला बोलून घेतलं. पट्टी जाळून दाखवली तेव्हा काळी पडली, पेटली नाही. मग डागांचं कुणी काढलं नाही.

फोकस सगळे एलईडीचे केले, कापडापासून लांब. समई पितळी परातीत, झालरीपासून चार हात दूर.

पाचव्या दिवशी पाऊस आडवा आला. वरून थेंब गळला नाही, पण पश्चिमेची कनात रात्रभर भिजली. सकाळी तिच्या खालच्या कडेला मिठासारख्या रेघा दिसल्या. ही मिठं पाण्यात विरघळणारी, धुऊन निघालेली. त्या बाजूची कनात काढली आणि द्रावणात भिजवलेली दुसरी लावली.

यंदा जुलैत सामान उघडलं तेव्हा पुन्हा पट्ट्या कापल्या. राखाडी ताडपत्री लायटर काढताच विझली. आतलं छत काळं पडून थांबलं. पावसात भिजलेली ती जुनी कनात मात्र साध्या कापडासारखी भराभर जळत माझ्या पकडीपर्यंत आली. पुढच्या रविवारी सगळ्याच कनाती पुन्हा द्रावणात घालायच्या आहेत. अमोनियम कार्बोनेट कालच आणून ठेवलंय, घट्ट झाकणाच्या डब्यात.