चौदा बाइट गेले कुठे?

शनिवारी रात्रीचं काम रोलबॅक करून, म्हणजे सगळं पूर्ववत करून थांबवावं लागलं. ग्राहकाच्या डेटा सेंटरमध्ये सिस्कोच्या राउटरसमोर नवा ज्युनिपर बसवायचा होता. लिंक अप झाली, पिंग गेलं, पण ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) काही केल्या फुल होईना, म्हणजे दोघांची जोडी पूर्ण जुळेना. एकीकडे एक्सस्टार्ट, दुसरीकडे एक्सचेंज अशा अर्ध्या पायऱ्यांवर अडकायचं, थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी आधी एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) बघतात, तसा तो बघितलाही. दोन्हीकडे ९०००. झालं, मग सगळ्यांचा संशय केबलवर.

मला ते पटेना. रविवारी सकाळी चिंचवडला घरी लॅबचा सर्व्हर चालू केला. जुना, सेकंड-हँड, पंखे असे घोंगावतात की घरचे दार लावून घेतात. केव्हीएमवर (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवायची सोय) सीएसआर १०००व्ही ही सिस्कोच्या व्हर्च्युअल राउटरची इमेज होती (सीएमएल या सिस्कोच्या लॅब सॉफ्टवेअरच्या परवान्यासोबत आलेली, कुठूनतरी उतरवलेल्या फाइलींच्या नादी मी लागत नाही). समोर ज्युनिपरचा तसाच व्हीजुनोस-राउटर. ही इमेज ज्युनिपर २०२३ पासून लॅबसाठी फुकट देतं, पण ५ जीबी रॅम नि ४ व्हीसीपीयू खाते. तिच्या पोटात आणखी एक व्हीएम चालतं, म्हणून होस्टवर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन लागतं. लॉगिन लवकर येतं, पण एफपीसी (पॅकेट पुढे पाठवणारा भाग) ऑनलाइन होईपर्यंत इंटरफेसचा पत्ता नसतो. नवखी मंडळी इथेच इमेज खराब समजून डिलीट करतात. चहा घ्यावा, वाट बघावी.

दोन्हीकडे ९००० टाकलं आणि रात्रीचा घोळ जसाच्या तसा समोर आला. गंमत म्हणजे दोघांना जोडणारा मधला लिनक्स ब्रिज अजून १५०० वरच होता. म्हणजे मोठी पॅकेट अडत होती म्हणून हे होत नव्हतं. ओएसपीएफचं डेटाबेस डिस्क्रिप्शनचं छोटंसं पॅकेट व्यवस्थित पोचत होतं. त्यात लिहिलेला एमटीयूचा आकडा समोरच्याला मान्य नव्हता. सिस्कोवर एमटीयू-इग्नोर (समोरचा एमटीयू तपासू नको) देऊन बघितलं, ढिम्म फरक नाही. नकार ज्युनिपरकडून येत होता ना! तिथे ट्रेसऑप्शन्स (तपशीलवार लॉग) लावल्यावर एमटीयू मिसमॅचच्या ओळी दिसू लागल्या. मग ‘शो इंटरफेसेस’ शांतपणे खालपर्यंत वाचलं: फिजिकलला ९०००, पण प्रोटोकॉल आयनेटसमोर, म्हणजे आयपीसाठी, ८९८६.

ज्युनिपरची जुनोस ही सिस्टीम इथरनेटचा १४ बाइटचा हेडर एमटीयूत धरते, सिस्कोची आयओएस-एक्सई धरत नाही. दोघांचं आपापल्या जागी बरोबर. ज्युनिपरवर ९०१४ केलं आणि नेबर फुल झाला.

टीम लीडला फोन केला. ते म्हणाले, “मग सिस्कोच ८९८६ वर आणू या का? एकच ओळ आहे.”

“नको सर, त्याच्यामागे बाकी सगळं ९००० वर आहे. ज्युनिपरच वाढवू.”

मग ब्रिज आणि टॅप (व्हीएमला ब्रिजशी जोडणारे पोर्ट) ९००० च्या वर नेऊन डीएफ-बिट (पॅकेटचे तुकडे करू नका ही खूण) लावून मोठं पिंगही तपासलं. इथेही मोजमापाचा तोच खेळ: सिस्कोवर साइज ९०००, जुनोसवर ८९७२, कारण जुनोस आयपी आणि आयसीएमपीचे २८ बाइट साइजमध्ये मोजत नाही. हे दोन्ही आकडे कमांडसकट चेंजच्या शीटमध्ये टाकले. पुढच्या मेंटेनन्स विंडोत साइटवरच्या पोराने तेवढंच बघून काम उरकलं. केबल आहे तीच आहे.