मनिलातली दुप्पट खाशी

शुक्रवारी कियापो चर्चबाहेर पाय ठेवायला जागा नसते. काळ्या नाझरेनोच्या, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या काळ्या मूर्तीच्या दर्शनाचा हा वार, आपल्याकडे सिद्धिविनायकाला मंगळवार असतो तसा. प्लाझा मिरांडाच्या कडेने रंगीत मेणबत्त्या, झाडपाल्याच्या औषधांच्या बाटल्या, भविष्य सांगणाऱ्या बायका. हे सगळं बघत पुढे सरकायचं ठरवलं होतं, पण एका कढईपाशी अडकले.

कढईत सोललेली अख्खी केळी तळत होती आणि बाई वरून मुठीने तांबूस साखर टाकत होती. तेलात साखर! आता करपणार, म्हणून मीच अस्वस्थ झाले. पण साखर आधी तरंगली, मग विरघळली आणि झाऱ्याच्या दोन-चार फेऱ्यांत केळ्यांना जाऊन चिकटली. निथळलेली, चकचकीत तपकिरी केळी बाईने बांबूच्या काडीला टोचली की झालं बनाना क्यू. ‘बार्बेक्यू’मधला हा क्यू. निखाऱ्याचा पत्ता नाही, नातं फक्त काडीपुरतं. वरचं आवरण चिक्कीसारखं कुडुम वाजतं, आत केळं मऊ आणि जरासं आंबूस. साबा जातीचं हे केळं बुटकं, जाड सालीचं. चवीने मला थेट राजेळीची आठवण झाली.

मोठ्या बहिणीला किंवा वयाने मोठ्या बाईला इथे ‘आते’ म्हणतात, मोठ्या भावाला ‘कुया’. परक्या देशात येऊन, अनोळखी बाईला ‘आते, अजून एक’ म्हणताना माझ्या तोंडून हाक इतकी सहज निघाली की मलाच हसू आलं.

आतेने मला न्याहाळून विचारलं, “बुम्बाय?”

फिलिपिन्समध्ये भारतीय माणूस म्हणजे बुम्बाय, मग तो जालंधरचा का असेना. दुचाकीवरून फिरत ‘फाइव्ह-सिक्स’ने, म्हणजे पाच द्यायचे आणि सहा घ्यायचे या हिशोबाने, उसने पैसे देणारे पंजाबी तिथे घरोघरी माहीत आहेत. मी ‘हो, खरोखरची बुम्बाय, तिथेच राहते’ म्हटल्यावर तिने शेजारणीला बोलावून मला दाखवलं. सेबू बेटाकडच्या बोलीत तर कांद्यालाच ‘बॉम्बाय’ म्हणतात. लासलगावकरांनी नोंद घ्यावी.

शेजारणीच्या कढईत तीच साखर, तेच तेल, फक्त केळ्याच्या जागी रताळ्याच्या जाड चकत्या. कामोते क्यू. ‘कामोते’ हा शब्द मेक्सिकोतला, नाहुआत्ल भाषेतला. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं अकापुल्कोहून मनिलाला येत होती. चांदी आणत होती, जाताना चिनी रेशीम नेत होती. कामोते हा शब्दही त्याच वाटेने आला. आपलं रताळंही मूळचं अमेरिकेतलंच. एकादशीच्या ताटात ते असं बसलंय, जणू पुंडलिकाच्या वेळेपासून तिथेच आहे.

सकाळी हॉटेलच्या गल्लीत “ताहोऽऽऽ” अशी लांबलचक आरोळी येई. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचे डबे. एकात सोयाबीनचं लुसलुशीत, कोमट तोफू. दुसऱ्यात गूळसर पाक आणि टपोरा साबुदाणा. ताहोवाला चपट्या पळीने तोफूचे पातळ पापुद्रे कापून पेल्यात घालतो, वर पाक, वर साबुदाणा. पेला हलवून, अर्धं पीत अर्धं खात संपवायचा. खरवस सैल झाला तर असा लागेल. पहिल्या दिवशी एक घेतला, तिसऱ्या दिवसापासून दोन.

आईचा फोन आलाच. “खायला मिळतंय का गं काही?”

“केळी, रताळी, साबुदाणा.”

“म्हणजे उपास धरलायस?”

मग मी तिला ताहो समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, “सोयाबीन चालत नाही उपासाला. मोडला तुझा.”

मोडलाच होता म्हणून संध्याकाळी क्वेक-क्वेकच्या गाडीकडे गेले. लावीची उकडलेली अंडी, केशरी रंगाच्या पिठात बुडवून तळलेली. आपल्या अंडाभजीची बाळं. शेजारी फिशबॉल तेलात फुगत होते. बारीक काडी घ्यायची, हवे ते आपणच टोचायचे, तिखट-गोड सॉस किंवा कांदा-मिरची घातलेलं व्हिनेगर वर घ्यायचं. मला व्हिनेगरच आवडलं. तो गोड सॉस सगळ्याला एकच चव देतो. किती खाल्ले ते गाडीवाला विचारतो आणि तुम्ही सांगाल ते मानतो. पाणीपुरीवाल्या भय्याने हा धंदा एक दिवस तरी करून दाखवावा.

मी नऊ म्हणाले. कुया हसला, त्याने माझ्याकडच्या काड्यांकडे पाहिलंही नाही. मागून कुणीतरी “बालुऽऽत” ओरडत गेलं. बालुत म्हणजे आत पिल्लू धरलेलं बदकाचं उकडलेलं अंडं. मी घाईघाईने दहावा फिशबॉल टोचला.