गोळीवर गोळी

म्हातारपणी नवीन काही दुखलं खुपलं की आपण पटकन म्हणतो वय झालं आता, चालायचंच. मला मात्र हल्ली पहिला संशय गोळ्यांच्या डब्यावर येतो.

आमच्या काकांचंच घ्या. बीपीसाठी अम्लोडिपिन चालू झाली आणि काही दिवसांनी पाय सुजायला लागले, बोटाने दाबलं की खळगा पडायचा, मोजे काढले तरी इलॅस्टिकचा वळ तसाच. या गोळीने पाय सुजू शकतात हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत असतं, पण काका सूज दाखवायला गेले दुसऱ्याच डॉक्टरांकडे आणि तिथे मिळाली लघवीची गोळी. झालं, रात्री उठून उठून बाथरूम, झोपेचं खोबरं, म्हणून मग झोपेची गोळी, आणि ती घेऊन अंधारात उठलेल्या माणसाचा तोल जाणार नाही तर काय! भिंत हाताशी होती म्हणून हाड वाचलं. गंमत म्हणजे एकेक गोळी सुटी बघितली तर बरोबरच वाटते. शेवटी नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं एकत्र बघून बीपीची गोळी बदलली, लघवीची बंद केली आणि झोपेची हळूहळू कमी करत नेली. ती एकदम तोडायची नसते, त्यामुळे घरच्या घरी शहाणपणा नको.

वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचं प्रमाण वाढतं, म्हणून डायझेपामसारखं चरबीत साठणारं झोपेचं औषध शरीरात फार वेळ रेंगाळतं. किडनीचा वेगही मंदावतो, आणि स्नायू कमी झालेले असल्यामुळे क्रिएटिनिनचा (स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, त्यावरून किडनीचं काम तपासतात) रिपोर्ट नॉर्मल दिसूनही किडनी कमी काम करत असू शकते, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी 1991 मध्ये वृद्धांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी केली, ती अजून सुधारत असतात, 2023 मध्येही केली. त्यात सर्दीच्या गोळ्यांतलं साधं क्लोरफेनिरामाइनपण आहे!! त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, कधी माणूस चक्क बरळायला लागतो आणि घरच्यांना वाटतं विसरभोळेपणा सुरू झाला.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसती फाईल नको, घरातलं सगळं पिशवीत भरून न्या, डोळ्यांचे थेंब, काढे, चूर्णं, शेजाऱ्यांनी दिलेली गुडघ्याची गोळी सुद्धा. ही शेवटची तर आवर्जून, कारण आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरने बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि नेमकी तीच सांगायची राहते. "ती काय रोज घेत नाही" म्हणे.

आणि हो, थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात 4 तासांचं अंतर ठेवा, सकाळी एका घोटात दोन्ही गिळणारे मी खूप बघितलेत.