लशीचा सोमवार

स्वाइन फ्लूची लस शेवटी आमच्या आरोग्य केंद्रात पोचली आणि ती घ्यायला मागे सरले ते गावकरी नव्हते, आमचेच लोक होते.

मी तिथे नर्स. लसींचा फ्रिज, त्याचं दोन वेळचं तापमान, नोंदवही, सगळं माझ्या ताब्यात. 2010 चा मे महिना. केंद्र सरकारने फ्रान्सच्या कंपनीकडून 15 लाख डोस मागवले होते, त्यात पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा.

आदल्या पावसाळ्यात गोव्यातल्या याच डिचोली तालुक्यात लोकांनी लशीसाठी मला भंडावून सोडलं होतं. तेव्हा ती बाजारात आलीच नव्हती! 3 ऑगस्ट 2009 ला पुण्यात एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती 23 तारखेला, आणि पुण्या-मुंबईची मुलं सुट्टीवर यायची होती. ज्याच्या त्याच्या खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी. एका घरी पुण्याहून आलेला मुलगा आतल्या खोलीत तापाने फणफणलेला, आणि त्याची आई मला ओट्यावरच थोपवून सांगते, "बाय, आम्ही डुकराच्या मांसाला शिवत नाही. आमच्या घरात हा आजार येणारच कसा?" चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, खाणाऱ्यांचा तो आजार, असा सरळ हिशेब. शिंकेने-खोकल्याने पसरतो, मटणाशी संबंध नाही, हे घरोघर सांगून माझाच घसा बसला, आणि मग लोक माझ्यापासूनच चार हात लांब उभे राहायला लागले.

तर तो लशीचा दिवस. सोमवार होता, बाहेर ओपीडीची रांग. डॉक्टरांनी सर्वांसमोर पहिलं इंजेक्शन घेतलं. दुसरी मी. त्यानंतर खोली रिकामी.

एकीला अचानक स्टोअरचा स्टॉक मोजायचा होता. एकजण म्हणाला, साथ तर गेली, आता कशाला? (जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचं जाहीर केलं ते 10 ऑगस्ट 2010 ला, म्हणजे अजून अडीच महिने होते.) घाईत बनवलेली लस आहे, परदेशात खपली नाही म्हणून इकडे पाठवली, हीसुद्धा कुजबुज. वर्षानुवर्षं पोलिओचे थेंब पाजणाऱ्या, नाही म्हणणाऱ्या सासवांना दारात उभं राहून पटवणाऱ्या बायका या. त्याच मला विचारत होत्या, "आम्हालाच आधी का? आमच्यावर प्रयोग?"

एका ज्येष्ठ सिस्टरने मात्र खरा प्रश्न काढला. 1976 साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस देताना काहींना लकवा झाला होता, ते काय? डॉक्टरांनी तो झटकला नाही. म्हणाले, "झालं होतं. 4 कोटींहून जास्त लोकांना टोचली आणि लाखामागे साधारण एकाला गिया-बारे हा नसांचा आजार जादा झाला. त्यांनी मोहीम थांबवली. तेव्हा साथ आलीच नव्हती, आता येऊन गेलीय." सिस्टर थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग दंड पुढे केला. त्या दिवशी हिशेब मांडून पटलेली ती एकटीच, असं माझं मत.

आमचा फार्मासिस्ट सगळ्यांवर कडी. "लस अंड्यात वाढवतात ना? आज माझा सोमवार. नुस्तंसुद्धा (मासेसुद्धा) चालत नाही, आणि अंडं दंडातून?" मी हसू आवरलं. अंड्याची ॲलर्जी आहे का, हे मला विचारायचंच होतं. उपासाचा रकाना फॉर्मवर नव्हता.

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आला तो बाही दुमडतच. "गेल्या वर्षी तापाचे पेशंट बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेले तेव्हा मला कोणी विचारलं नाही भीती वाटते काय म्हणून. टोचा."

हे सगळं दार उघडं ठेवून चाललेलं. बाकावर नातवाला ट्रिपलच्या डोससाठी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि मोठ्याने विचारलं, "तुमकां नाका, मागीर आमच्या भुरग्यांक कित्याक तोपतात गो?" (तुम्हाला नको, मग आमच्या पोरांना कशाला टोचता गं?)

स्टॉक मोजणारी बाहेर आली, म्हातारीकडे न बघता खुर्चीत बसली. तिच्या मागून आणखी दोघी. बाकीचे नाहीच आले. म्हातारीने नातवाला डोस देऊ दिला, पण माझ्या दंडावरचा कापूस नीट बघून घेतल्यावरच.

संध्याकाळी अहवाल पाठवायचा होता. नकाराचं कारण या रकान्यात मी जे ज्याने सांगितलं ते तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून फोन. "सिस्टर, इथे कारण म्हणून नुसतं 'सोमवार' लिहिलंय, हे काय?"

"थांबा, त्यालाच देते," म्हणत मी फोन फार्मासिस्टच्या हातात दिला. मंगळवार असल्यामुळे तो समोरच बसला होता, एक बाही वर करून.