पाड्याची शीव

धडगाव तालुक्यातील एका पाड्याने स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची मागणी केली, तेव्हा मंडळ अधिकारी या नात्याने स्थळपाहणीचे काम माझ्याकडे आले. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा पाड्यालाही गाव मानतो आणि राज्याच्या 2014 च्या नियमांनुसार निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव केल्यास तसा प्रस्ताव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवता येतो.

संमतीची पडताळणी लवकर आटोपली. तलाठ्याने यादीतील नावे वाचली, लोकांनी सह्या-अंगठे केले आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांना गैरहजर धरूनही निम्म्याचा आकडा सहज पार झाला. ग्रामपंचायत फुटेल अशी सरपंचांना धास्ती होती. पंचायत तीच राहील, पाड्याला फक्त स्वतःची ग्रामसभा आणि तिचा कोष मिळेल, हे ऐकल्यावर तेही निवळले.

घोडे अडले ते शिवेवर. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तो मुख्यत्वे तालुक्यांच्या तयार हद्दींवर. पाड्याला मात्र महसुली नकाशात स्वतःची हद्दच नसते. प्रस्तावासोबतच्या हातनकाशात रेघ नाल्यावरून ओढली होती आणि नाल्याअलीकडच्या उतारावरची मोहाची फुले शेजारच्या पाड्यातील बायका पिढ्यान्‌पिढ्या वेचत आल्या होत्या. त्या पाड्याचे कारभारी कडेला बसून होते, त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. ठराव ज्याचा त्याचा असला, तरी शीव दोघांची असते, म्हणून मी कागद मिटले आणि दोन्हीकडच्या जाणत्यांना बरोबर घेऊन उतार चढू लागलो.

अर्ध्या चढावर शेंदूर फासलेला वाघदेवाचा दगड होता. एक म्हातारेबाबा त्यावर हात ठेवून पावरी बोलीत बराच वेळ बोलले. पोलीस पाटलांनी मला थोडक्यात सांगितले की वाघबारसेला दोन्ही पाडे इथेच पूजा करतात आणि कोणीही पलीकडे नारळ फोडत नाही. वाद तिथेच संपला. नाल्याऐवजी दगडापासून डोंगराच्या धारेपर्यंतची ओळ शीव ठरली आणि शीव कुठेही गेली, तरी मोह जी कुटुंबे आजवर वेचत आली तीच वेचतील, असे पंचनाम्यात स्वतंत्र वाक्य घातले गेले.

निम्म्याहून अधिक मतदारांच्या सह्यांपेक्षा पंचनाम्यावरच्या शेजारच्या पाड्याच्या मोजक्या सह्या मला अधिक वजनदार वाटल्या. दुरुस्त हातनकाशासह पंचनामा मी दुसऱ्याच दिवशी प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात सादर केला.